माप घेऊन गेलेला मिस्त्री परत का येत नाही?

घराला रंग द्यायचा असो, मोरीची गळती काढायची असो, नाहीतर दुकानात नवी फळ्यांची मांडणी करायची असो, अनुभव सगळीकडे एकच येतो. मिस्त्री येतो, टेप लावून माप घेतो, चहा घेतो आणि "दोन दिवसांत हिशेब सांगतो" म्हणून जातो. दोन दिवसांचे दोन आठवडे होतात. फोन केला तर "जुम्म्यानंतर येतो" असे उत्तर मिळते, पण तो जुम्मा काही उजाडत नाही. कधी हिशेब येतो, गिऱ्हाईक तो मान्यही करते, आणि त्यानंतर मिस्त्री दिसेनासा होतो.

आमच्या वाचकांमध्ये ही तक्रार करणारे व्यापारी आहेत आणि जे माप घेऊन जातात ते गवंडी, सुतार, रंगारी, प्लंबर, वायरमन, फॅब्रिकेशनवालेही आहेत. म्हणून एकाच बाजूने बोलून चालणार नाही. काम का अडते हे दोघांनीही समजून घेतले पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, कारागिराची नियत वाईट असते म्हणून काम अडते असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा हिशेब कागदावर आलेला नसतो, पैशाचा मेळ बसलेला नसतो आणि स्पष्ट "नाही" म्हणण्याचे धैर्य झालेले नसते. या तिन्ही गोष्टी सुधारता येतात.

कारागिराची अडचण कोणती?

पहिली अडचण अशी की हिशेब काढणे हे काम आहे आणि त्याची मजुरी मिळत नाही. जाण्या-येण्याचा खर्च, मापाचा वेळ, दुकानात जाऊन मालाचे भाव विचारणे आणि रात्री बसून बेरीज करणे, यात अर्धा रोज सहज जातो. गिऱ्हाईक पाच जणांकडून हिशेब मागते आणि एकाला काम देते. उरलेल्या चौघांचा अर्धा रोज वाया. काही गिऱ्हाइके तर एकाने काढलेले माप आणि यादी दुसऱ्याच्या हातात देऊन "यापेक्षा कमी कर" म्हणतात. असे दोन-चारदा झाले की मिस्त्री माप घ्यायला जातो, पण हिशेब काढायला बसत नाही.

दुसरी अडचण लिखापढीची. हात कसबी असतो, पण लेखणी चालत नाही. बापाच्या हाताखाली काम शिकलेला सुतार दरवाजाची चौकट डोळ्याच्या अंदाजाने काटकोनात बसवील. पण त्याच चौकटीचे लाकूड, बिजागरी, पॉलिश आणि मजुरी वेगवेगळी मांडून द्या म्हटले की तो कागद टाळतो.

तिसरी अडचण पैशाच्या साखळीची. एका गिऱ्हाइकाचा इसार घेऊन मागच्या कामाच्या मजुरांचे रोज भागवायचे, त्या कामाचे पैसे आले की याचा माल आणायचा, असा व्यवहार सर्रास चालतो. यात एका गिऱ्हाइकाने शेवटचे बिल अडवले की चार ठिकाणची कामे एकदम थांबतात. चौघांपैकी तिघांना कळतही नाही की आपले काम का थांबले. ते फक्त एवढेच पाहतात की मिस्त्री फोन उचलत नाही.

चौथी अडचण हंगामाची. छपराची कौले, पत्रे आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग सर्वांना मेअखेरपर्यंत हवे असते, कारण जूनमध्ये पाऊस येतो. रंगाचे काम गणपती आणि दिवाळीच्या आधी एकदम येते. मुस्लिम घरांत तेच रमजान ईदच्या आधी येते, आणि नेमके तेव्हाच रोजेदार कारागिरांचे कामाचे तास कमी होतात व उत्तर प्रदेश-बिहारकडचे कारागीर गावी जातात. रमजान दरवर्षी इंग्रजी कॅलेंडरात साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे गेल्या वर्षीच्या तारखेवर यंदाचा वायदा करता येत नाही.

पाचवी अडचण मात्र आपल्या स्वभावाची आहे. आपल्याला "नाही" म्हणता येत नाही. काम लहान आहे, लांब आहे किंवा हातात वेळ नाही हे माहीत असूनही आपण "इन्शाअल्लाह, येतो" म्हणतो. सूरह कहफमध्ये उद्याच्या कामाबद्दल बोलताना अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख करण्याची शिकवण आहे. तिचा आशय असा की आपण पूर्ण प्रयत्न करणार, पण सिद्धी देणारा अल्लाह आहे. जायचेच नाही असे मनात ठरवून हे शब्द उच्चारणे म्हणजे पवित्र शब्दाआड टाळाटाळ लपवणे होय. आज परिस्थिती अशी की कित्येक गिऱ्हाइके, आपली आणि इतर समाजांतीलही, मिस्त्रीच्या तोंडून हा शब्द आला की "आता हा येत नाही" असे समजतात. याचे दुःख प्रत्येक मुसलमानाला झाले पाहिजे.

अंदाज आणि कोटेशन यांतला फरक

"साधारण पन्नास हजारापर्यंत जाईल" हा अंदाज झाला. "इतके काम, या मालात, या किमतीला, इतक्या दिवसांत करून देतो" हे कोटेशन झाले. अंदाज बोलून दाखवला तरी चालतो. कोटेशन लिहूनच दिले पाहिजे.

1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे असे कोटेशन म्हणजे एक प्रस्ताव ठरू शकते. गिऱ्हाइकाने होकार कळवला की करार होतो, मग तो साध्या कागदावर असो की तोंडी. होकार येण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो. त्यात मुदत लिहिली असेल तर ती संपताच तो आपोआप संपतो. मुदत लिहिली नसेल तर वाजवी काळानंतर संपतो. "वाजवी काळ" किती, यावरच भांडणे होतात. लोखंड, प्लायवूड, तांबे यांचे भाव वर-खाली होत असताना तीन महिन्यांपूर्वीच्या हिशेबावर गिऱ्हाईक अडून बसते आणि मिस्त्री तोंड लपवतो. यावर उपाय एका ओळीचा आहे: "हा दर 15 दिवसांपर्यंत लागू." ही ओळ लिहिणाऱ्या कारागिराला तोंड लपवावे लागत नाही.

आपल्या फिकहमध्येही या विषयाचा विचार झालेला आहे. कारागिराने स्वतःच्या मालासकट वस्तू बनवून देण्याच्या व्यवहाराला इस्तिस्ना म्हणतात. माल गिऱ्हाइकाचा आणि मिस्त्रीची फक्त मेहनत असेल तर तो इजारा, म्हणजे मजुरीचा करार होतो. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1992 साली असा निर्णय दिला की, वस्तूचा प्रकार, प्रमाण व वर्णन स्पष्ट असेल आणि मुदत ठरलेली असेल तर इस्तिस्नाचा करार दोन्ही पक्षांवर बंधनकारक आहे, आणि रक्कम हप्त्यांनी देता येते. म्हणजे अलमारी किंवा खिडकीचे ग्रील ऑर्डरप्रमाणे करून देणारा कारागीर काय लिहून देतो याला दीनमध्ये वजन आहे. कोकणातील बांधव बहुतांशी शाफिई मसलकाचे आहेत. त्यांनी याबाबतचे बारकावे आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत.

करार पाळण्याचा हुकूम तर सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे, आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची सविस्तर शिकवण सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. वचन देऊन मोडणे हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दांभिकाच्या लक्षणांत गणले आहे, ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. यानंतर आम्ही वेगळा उपदेश करण्याची गरज नाही.

कोटेशनमध्ये काय लिहावे?

एक उदाहरण घेऊ. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत 2 बाय 2 फुटांची फरशी बसवायची आहे. खोली 120 चौरस फूट भरते. 600 मिलिमीटरच्या चार फरश्यांचा बॉक्स सुमारे 15.5 चौरस फुटांचा असतो. घाईत हिशेब करणारा म्हणेल, 8 बॉक्स पुरे. पण भिंतीलगतची चार इंची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, त्याने धरलेच नाही. खोलीचा घेर 44 फूट, त्यातून दरवाजाचे 3 फूट वजा, उरले 41 फूट. याचे सुमारे 14 चौरस फूट होतात. एकूण 134 झाले. कापाकापीत जाणारा माल शेकडा 10 धरला तर 147 चौरस फूट, म्हणजे 10 बॉक्स. दोन बॉक्सचा फरक आधी सांगितला तर तो हिशेब ठरतो, आणि काम अर्ध्यावर आल्यावर सांगितला तर गिऱ्हाइकाला ती लबाडी वाटते. माल तोच आणि पैसेही तेच, पण केवळ सांगण्याच्या वेळेमुळे माणूस बदनाम होतो.

म्हणून आमच्या मते पुढील आठ गोष्टी प्रत्येक कोटेशनमध्ये असाव्यात.

1. कामाची जागा व माप, आणि माप चौरस फुटात आहे की रनिंग फुटात, हे.
2. माल कोणता, कोणत्या दर्जाचा व जाडीचा, आणि तो कोणी आणायचा.
3. मालाची रक्कम व मजुरीची रक्कम वेगवेगळी.
4. जुने काम तोडणे, राडारोडा उचलून नेणे आणि वरच्या मजल्यावर माल चढवणे यांचा खर्च कोणाकडे.
5. काय धरलेले नाही. उदाहरणार्थ, "भिंतीच्या आतील पाइप खराब निघाल्यास त्याचे काम वेगळे."
6. सुरू करण्याची तारीख आणि लागणारे दिवस.
7. पैसे केव्हा व किती द्यायचे. जीएसटी लागत असेल तर तो धरून की वेगळा. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणीचा नियम लागू होतो.
8. दर किती दिवस लागू.

हे सर्व वहीच्या एका पानात बसते. ज्यांना लिहायला जड जाते त्यांनी शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बसवावे. एकदा कोरा नमुना तयार करून घेतला की पुढे फक्त आकडे भरायचे. पानाचा फोटो काढून गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवला की दोघांकडेही नोंद राहते.

दिवसांचा हिशेब प्रामाणिक असावा

कित्येक वायदे मोडतात, कारण ते पहिल्यापासूनच अशक्य असतात. साध्या सिमेंटच्या कामाला किमान 7 दिवस पाणी मारावे लागते. राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला 10 दिवस. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर दोन-तीन दिवस पाणी साठवून पाहिल्याशिवाय काम पक्के झाले असे म्हणता येत नाही. नव्या प्लास्टरला पुरेसे वाळू न देता रंग लावला तर पोपडे निघतात. यासाठी साधारण चार आठवडे थांबतात. गिऱ्हाईक "आठ दिवसांत सगळे करून द्या" म्हणते आणि काम हातचे जाईल या भीतीने मिस्त्री मान डोलावतो. त्याऐवजी हे दिवस कोटेशनमध्येच लिहिले तर गिऱ्हाईक ते समजून घेते.

कोकणातले उदाहरण विचार करण्यासारखे आहे. रत्नागिरी, रायगडची कितीतरी मंडळी आखातात नोकरीला आहेत. त्यातला एखादा महिना-दोन महिन्यांच्या सुटीवर येतो, त्या मुदतीत घराची दुरुस्ती व्हावी किंवा निकाहाआधी घर तयार व्हावे म्हणून पैसे साठवून आणतो. मिस्त्रीचा पंधरा दिवसांचा उशीर म्हणजे त्याची अर्धी सुटी जाते. तो परत गेल्यावर काम बघायला घरी म्हातारे आईवडील राहतात. अशा माणसाचे काम घेताना तारीख हीच खरी किंमत असते.

पैशाचे हप्ते

साखळी तोडायची तर पैसे कामाच्या टप्प्यांशी बांधले पाहिजेत. समजा काम 80,000 रुपयांचे आहे, त्यात माल 45,000 आणि मजुरी 35,000. ठरल्यावर 8,000 घ्यावे. माल जागेवर उतरल्यावर 37,000 घ्यावे, म्हणजे मालाची रक्कम पूर्ण झाली. निम्मे काम झाल्यावर 15,000, काम पूर्ण होताच 15,000 आणि उरलेले 5,000 पंधरा दिवसांनी, काही कसर राहिली असेल तर ती काढून दिल्यावर. शक्य असेल तेथे मालाचे बिल दुकानातून थेट गिऱ्हाइकाच्या नावावर करावे. यात मिस्त्रीच्या खिशातून माल जात नाही आणि गिऱ्हाइकाचे मोठे पैसेही अडकत नाहीत.

कारागिराने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. काम होईपर्यंत इसार ही अमानत आहे. एका घराच्या मालाचे पैसे दुसऱ्या घराच्या मजुरीत घालू नयेत. प्रत्येक कामाला वहीत वेगळे पान ठेवले की आपोआप कळते की कोणाचे किती आपल्याकडे आहे.

गिऱ्हाइकाने काय करावे?

आता दुसरी बाजू. मिस्त्री यावा असे वाटत असेल तर काम पूर्ण सांगावे. आज मोरी, उद्या किचनचा ओटा, परवा रंग, असे तुकड्यांनी सांगितले की हिशेब पुनःपुन्हा काढावा लागतो. आपल्याजवळ किती पैसे आहेत हे सांगण्यात कमीपणा नाही. चांगला कारागीर त्यात काय बसेल ते सांगतो. तीनपेक्षा जास्त जणांकडून हिशेब घेऊ नये. एकाची यादी दुसऱ्याला दाखवू नये. काम मोठे असेल तर माप व हिशेबाचे ठरावीक पैसे द्यावेत आणि काम त्यालाच दिले तर ते बिलातून वजा करावेत. ज्याने हिशेबाचे पैसे घेतले तो हिशेब देतोच.

"हिशेब कधी देता?" असे विचारण्याऐवजी "बुधवारपर्यंत द्या, जमणार नसेल तर तसे सांगा, राग नाही" असे म्हणावे. नकाराची वाट मोकळी ठेवली की खोटा होकार येत नाही. ज्यांचा हिशेब नाकारला त्यांनाही कळवावे. आपण त्यांना झुलवत ठेवून त्यांच्याकडून वक्तशीरपणाची अपेक्षा कशी करणार? मध्येच काम वाढवले तर त्याचा दर त्याच दिवशी लिहून घ्यावा. आणि काम झाले की पैसे द्यावेत. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची शिकवण इब्ने माजामधील हदीसमध्ये आहे. शेवटचे पाच हजार तीन महिने अडवणारा सेठ पुढच्या चार घरांचे काम अडवत असतो.

तरीही वायदा मोडला तर?

प्रथम लेखी विचारणा करावी आणि नवी तारीख मागावी. मग जमातीतील, बाजारातील दोन जाणत्या माणसांना मध्ये घालावे. बहुतेक तंटे येथेच मिटतात. करार कायद्याच्या 73 व्या कलमाप्रमाणे करार मोडल्याने झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. ही वाट दोन्ही बाजूंना खुली आहे. पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावरही कारागीर दावा करू शकतो आणि त्याची सर्वसाधारण मुदत 3 वर्षे आहे. घरच्या कामासाठी इसार देऊन फसगत झाली असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दुकानाच्या कामाला मात्र व्यापारी हेतूचा आक्षेप येऊ शकतो. रोजावर ठेवलेल्या मजुराचा प्रश्नही वेगळा आहे. या सर्व ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो: लिहिलेले काय आहे? कोटेशन, मोबाइलवरचा निरोप, पैसे पाठवल्याची नोंद, हे सर्व जपून ठेवावे.

धंद्याचा प्रश्न

आज मोबाइलवरून सुतार, प्लंबर, रंगारी पुरवणाऱ्या कंपन्या शहरांत उभ्या राहिल्या आहेत. त्या आपल्यापेक्षा चांगले काम करतात असे नाही. कित्येकदा काम करणारे हात आपलेच असतात. पण त्या दर आधी सांगतात, वेळ सांगतात आणि येणार नसतील तर कळवतात. एवढ्यावर गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळते, कमिशन त्या घेतात आणि आपला कारागीर स्वतःच्याच गल्लीत दुसऱ्याचा मजूर होतो. पिढ्यान्‌पिढ्या हातात असलेले कसब पुढच्या पिढीला मालक म्हणून द्यायचे की मजूर म्हणून, हा प्रश्न आता समोर आहे.

सुरुवातीला भांडवल लागत नाही. एक वही घ्यावी आणि तीन नियम पाळावेत. माप घेतले की ठरल्या दिवशी हिशेब द्यावा. जमत नसेल तर त्याच दिवशी नाही म्हणावे. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाचा फोन येण्याआधी आपण फोन करावा. जो हे वर्षभर करील त्याच्या "इन्शाअल्लाह"वर गिऱ्हाईक निर्धास्त राहील, आणि रोजीतली बरकत देणारा अल्लाह आहे.